फुलबॅकचा दात

माझ्या दुकानाच्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांच्या खणाशेजारी, एक खोटा दात ठेवलेला आहे. वरचा, समोरचा, गुलाबी पट्टीवर बसवलेला. ठिबकच्या नळ्या न्यायला आलेलं गिऱ्हाईक सुट्टे घेताना तो बघतं आणि दचकतं. "राजूभाऊ, हाऊ तुन्हा शे का?" मी तोंड उघडून दाखवतो. माझे सगळे जागेवर आहेत. असणारच! कॉलेजच्या रग्बी टीममध्ये मी तीन वर्षं होतो आणि एकदाही मैदानात उतरलो नाही. खेळ पंधरा जणांचा, मी सोळावा. सामना सुरू व्हायच्या आधी इलियासचा दात रुमालात बांधून खिशात ठेवायचा आणि सामना संपला की परत द्यायचा, एवढंच माझं काम होतं.

इलियास पिंजारी, शहाद्याचा. आमचा फुलबॅक.

शहाद्यात रग्बी म्हटल्यावर लोक हसतात. हसा बापडे. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की कबड्डी खेळतं, दुसरा खेळ त्याला माहीत नसतो. पण आमचे क्रीडाशिक्षक महाजन सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक लांबुळका चेंडू घेऊन आले. मैदानावर सगळी कबड्डीची टीम गोळा झाली. कोणीतरी चेंडू उचलून दाबून बघितला आणि म्हणाला, "सर, हाऊ बॉल ते बठी गया." सर म्हणाले, "बसलेला नाही रे गाढवा, तो असाच असतो. हा पोटाशी धरायचा, समोरच्यांना फोडत पळायचं आणि त्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी तुम्हाला आडवं करायचं. संपला खेळ." आडवं करायचं हे ऐकून पोरं खूष झाली.

मग सरांनी खरी गोष्ट सांगितली. कबड्डीला गल्लोगल्ली टीमा आहेत, त्यात तुम्हाला कोण विचारतो? रग्बी खेळणारी कॉलेजं मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नीट खेळलात तर मोठं प्रमाणपत्र मिळेल आणि पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येईल. भरती हा शब्द ऐकला आणि मागे उभा असलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा पोरगा सगळ्यांना बाजूला सारून पुढे आला. त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले होते. बापाच्या दुकानातून तसाच उठून आला होता.

रहीमचाचांचं गाद्यांचं दुकान बसस्टँडच्या मागे. मशीनवर कापूस पिंजायचा, गादी भरायची, काठीनं झोडून सारखी करायची, टाके घालायचे. घरात सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. इलियास लहानपणापासून गाद्या डोक्यावर घेऊन गावभर पोचवायचा, त्यामुळे मान अशी झाली होती की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नाही. त्याला पोलीस व्हायचं होतं. दुसरं काहीही नाही. तलाठी नको, शिपाई नको, पोलीसच. मी एकदा विचारलं, बाबा रे, खाकीचं एवढं काय खूळ आहे तुला? तो अंगठ्यानं भुवयांतला कापूस काढत म्हणाला, "राजू, खाकी अंगवर ऱ्हायनी म्हंजे समोरला मानूस पहिले ईचारस, मंग मारस. आम्हाले आते पहिले मारस, मंग ईचारस."

त्याच्या गल्लीत एकदा बाजाराच्या दिवशी कसलीशी बाचाबाची झाली होती. पोलिसांची गाडी आली आणि दुकानाच्या पायरीवर गादी शिवत बसलेल्या रहीमचाचांच्या पाठीवर पहिली काठी बसली. चाचांच्या हातात दाभण होती, तेवढंच हत्यार. नंतर साहेबांना चूक कळली, त्यांनी चहासुद्धा पाजला. पण इलियासनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता दाताचं सांगतो.

आमचा पहिला सामना बाहेरगावी होता. समोरची पोरं उंच, नव्या बुटांची, खेळ शिकलेली. आमच्या पोरांनी कबड्डीच चालू केली. चेंडू राहिला बाजूला, जो दिसेल त्याचा घोटा धरून लोळायला लागले आणि पंचांनी कितीही ओरडलं तरी धरलेला माणूस सोडेनात. कबड्डीत पकडलेला गडी सोडला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही! महाजन सर रेषेवर उभे राहून "अरे सोडा, सोडा!" म्हणून बोंबलत होते.

इलियासला सरांनी फुलबॅक केलं होतं. म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा. सगळी टीम फोडून कोणी आलाच तर त्याला अडवणारा शेवटचा माणूस. तो तिथे कंटाळून उभा होता. तेवढ्यात समोरच्यांनी उंच मारलेला चेंडू नेमका त्याच्या पोटावर येऊन आदळला. इलियासनं तो धरला, एक मोठा श्वास घेतला आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत निघाला.

अहो, काय निघाला! पहिल्याला छातीनं उडवला. दुसऱ्यानं कंबर धरली, त्याला तसाच ओढत नेला. तिसऱ्याच्या जबड्याखाली खांदा घातला, तो बिचारा उताणा पडला आणि आकाशाकडे बघत राहिला. आम्ही रेषेवर उभे राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. इलियास त्यांची शेवटची रेषा ओलांडून गेला. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, आता नुसता चेंडू टेकवायचा, गुण आमचा. इलियासनं रेषेपलीकडे एक पाऊल टाकलं, गर्रकन वळला आणि "कबड्डी कबड्डी" करत परत आमच्याकडे पळत सुटला!

मैदानावर क्षणभर कोणालाच काही समजेना. मग त्यांची सगळी टीम त्याच्यावर तुटून पडली. एकाचं कोपर तोंडावर बसलं. ढीग बाजूला झाला तेव्हा इलियास रक्तानं माखलेल्या तोंडानं मधल्या रेषेकडे हात लांबवून पडला होता आणि अजून त्यानं श्वास सोडलेला नव्हता.

"अरे पालथ्या घड्या, टेकवला का नाहीस?" सर रडायच्या बेताला आले होते.

इलियास दात पडलेल्या जागेतून रक्त थुंकला आणि म्हणाला, "सर, घर येवाशिवाय चढाई पुरी व्हस का?"

पडलेला दात काळ्या मातीत आम्ही पुष्कळ शोधला, सापडला नाही. मग खोटा बसवला. तेव्हापासून सामन्याआधी तो तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवायचा. "दात धर, राजू." सुरुवातीला मला किळस यायची. नंतर तो शब्द ऐकला की मीच दोन पावलं मागे सरकायचो, कारण दात हातात आला म्हणजे आता कोणाचं तरी काहीतरी मोडणार हे नक्की असायचं.

चेंडू टेकवायचा असतो हे तो शिकला. श्वास रोखून धावायची खोड मात्र शेवटपर्यंत गेली नाही. खरी ताकद त्याची अडवण्यात होती. सराव कसा करायचा, सांगू? बापाच्या दुकानातली जुनी गादी मैदानावर आणायचा, उभी करायचा आणि मागून मला धरायला लावायचा. लांबून पळत येऊन खांदा असा हाणायचा की मी आणि गादी दोघं गवतात. रोज. आई घरी विचारायची, तू तर खेळत नाहीस, मग अंग कसं काळंनिळं? गाद्या फाटल्याचं रहीमचाचांना कळलं तेव्हा ते कापूस झोडायची काठी घेऊन मैदानावर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी इलियासला गादी झोडतात तसा झोडला. "हड्डी टूटी तो गादी कौन भरेगा रे?" इलियास हात खाली सोडून उभा होता. मधेच म्हणाला, "अब्बा, उजव्या खांद्याले नका मारा, परवा सामना शे." चाचांनी काठी टाकली आणि तिथेच मातीत बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले त्यांनी.

दुसऱ्या वर्षी त्याचं नाव झालं. गुजरातच्या हद्दीकडचं एक कॉलेज होतं, नाव घेत नाही, तिकडे माझं गिऱ्हाईक आहे. त्यांच्याकडे एक राक्षस होता, त्याला सगळे डोझर म्हणायचे. हा डोझर ढिगाऱ्यात शिरला की पंचांची नजर चुकवून डोळ्यात बोटं घालायचा, कान पिरगाळायचा, बोटं तुडवायचा. आमच्या दोन पोरांना त्यानं बाहेर घालवलं. इलियासच्या डोळ्यात अंगठा घातला, डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. इलियासनं पंचांकडे तक्रार केली नाही. तो आपल्या जागेवर गेला आणि वाट बघत राहिला. त्याच्या जागेचा हाच धर्म, सगळी वादळं शेवटी त्याच्याकडेच यायची. डोझर चेंडू घेऊन आला, मधल्या सगळ्यांना चिरडत आला. इलियास खाली वाकला आणि त्याच्या मांडीत शिरला. मी रेषेवर होतो, मला आवाज ऐकू आला. वाळलेली फांदी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसा. डोझर असा ओरडला की शेजारच्या रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर थांबला.

नियमात होतं सगळं, पंचांनी शिट्टीसुद्धा मारली नाही. आमची पोरं नाचायला लागली. इलियासनं माझ्याकडून दात घेतला, तोंड धुतलं आणि स्टँडवरून केळी आणली. ही त्याची नेहमीची रीत होती. सामन्यात ज्याला ज्याला आडवं केलं असेल त्याच्याकडे तो केळी घेऊन जायचा. दवाखान्यात डोझर पाय वर बांधून पडला होता. इलियासनं केळी उशाशी ठेवली. "लागनं का रे जास्ती?" डोझरनं त्याला आईवरून शिवी दिली. इलियास म्हणाला, "बरं, खाई ले पन," आणि निघून आला.

मैदानाबाहेर हा माणूस गाय होता, गाय. कँटीनमध्ये एकदा एका आमदाराच्या भाच्यानं विनाकारण त्याच्या कानाखाली वाजवली. मोटारसायकलला धक्का लागला म्हणे. आम्ही उठलो. इलियासनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तसाच उभा राहिला. भाच्यानं दुसरी मारली. हात खिशातच. मला इतका संताप आला की मी भाच्याला सोडून इलियासवरच ओरडलो. बांगड्या भर, म्हटलं! तो हसला. "शिट्टी कोठे वाजनी, राजू? शिट्टी वाजाशिवाय मी मारस नही."

नंतर वडाच्या पारावर बसून त्यानं मला सरळ समजावलं. भरतीच्या वेळी पोलीस स्टेशनातून चारित्र्य पडताळणी होते. एक केस, साधी मारामारीची केस, की अर्ज कचऱ्यात. आणि मारामारी कोणाचीही असो, कागदावर पहिलं नाव कोणाचं पडेल हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्यामागे बापाची वीस बिघे जमीन, सरपंच काका आणि तालुक्याचे चार पुढारी उभे होते. "मन्हा मांगे कोनी नही," तो म्हणाला. त्यात रडगाणं नव्हतं. मैदानावरून आम्हाला ओरडून सांगायचा त्याच सुरात बोलला.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना. परत तेच कॉलेज, परत डोझर. गुडघ्याला पट्टा बांधून आला होता आणि सुरुवातीपासून चेंडू सोडून इलियासलाच शोधत होता. तसला सामना मी पुन्हा पाहिला नाही. आमच्या एकाचं नाक फुटलं, त्यांच्या एकाची दोन बोटं उलटी वळली. एका ढिगाऱ्यातून इलियास उठला तेव्हा कानाची पाळी लोंबत होती. सरांनी पट्टी बांधायला बोलावलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, ऐकू ई ऱ्हायनं." आम्ही थोडक्यात पुढे होतो. शेवटी शेवटी डोझरला चेंडू मिळाला आणि मधे कोणी उरलं नाही. रेषेवर इलियास एकटा. दोघं आदळले आणि दोघंही जागच्या जागी खाली बसले. चेंडू रेषेच्या अलीकडे राहिला. पंचांची शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो, आणि प्रमाणपत्र पक्कं झालं होतं. इलियास मातीत गुडघ्यावर बसून हसत होता, समोरच्या दाताच्या खिडकीसकट.

संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही लगेच निघालो. विसरवाडीला चहासाठी मिनीबस थांबली. नेहमीसारखीच गर्दी, ट्रकांची रांग, भज्यांचा वास. पोरं अजून नाचत होती. तेवढ्यात मागून दोन जीपा आणि पाचसहा मोटारसायकली आल्या. त्यांच्याकडची पोरं, सोबत गावातली माणसं. हातांत ऊस, स्टंप, सायकलच्या साखळ्या. डोझरच्या हातात ट्रकचं चाक काढायची टॉमी. चहाचे ग्लास फुटायला लागले तसे आम्ही बसकडे पळालो. सगळे आत चढलो आणि कळलं की ड्रायव्हर लघवीला गेलाय आणि किल्ली त्याच्या खिशात.

सर्वात शेवटी इलियास चढला. पायरीवरच थांबला. मी पहिल्याच सीटवर होतो. त्यानं वळून तोंडात बोट घातलं आणि दात माझ्या हातावर ठेवला. "धर."

मग त्यानं दाराचे दोन्ही दांडे दोन हातांनी पकडले आणि दार भरून उभा राहिला.

पहिला ऊस तोंडावर बसला. मग पोटात स्टंप. मग साखळी. आमची आतली पोरं खवळली, खाली उतरायला धावली, तर हा पाठीनं त्यांना मागे ढकलत होता. "मझार बठा! कोनी खाले उतरू नका! केस व्हई जाई!" बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हता आणि आतल्यांना बाहेर जाऊ देत नव्हता. त्याच्या एका धक्क्यात तिघं चौघं गेले असते हो! मी त्याला गेली तीन वर्षं गादीमागून पाहिलेलं होतं. मी ओरडलो, "इलियास, मार! मार एकदा!" त्यानं मारलं नाही. हात दांड्यावरून सोडलेच नाहीत. डोझर पुढे आला आणि टॉमी उचलून त्याच्या उजव्या खांद्यावर घातली. एकदा, परत एकदा, परत. तोच आवाज आला. इलियासनं श्वास रोखलेला होता. ओठ हलत होते. मला दिसत होतं तो काय म्हणतोय ते.

पोलीस आले तोपर्यंत उजवा हात दांड्यावरून आपोआप निसटला होता आणि तो डाव्या हातावर लटकून उभा होता. बसमध्ये एकही माणूस शिरला नव्हता. जमादारांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या मुठी उलट्या करून बघितल्या. ज्यांच्या बोटांची साल गेलेली, ते बाजूला. इलियासच्या मुठी स्वच्छ होत्या. दोन्ही. जमादार त्याच्या तोंडाकडे आणि मग मुठींकडे बघत राहिले. "कोणी मारलं?" इलियासनं डोझरकडे बघितलं. डोझरनं मान खाली घातली. इलियास म्हणाला, "देखा नही, साहेब. घाम गया डोळामां."

फिर्याद दिली की साक्षी, तारखा, वकील, आणि कागदावर नाव. ते त्याला नको होतं. मला आजही त्याचा राग येतो. ज्या हातानं त्याची केळी खाल्ली त्याच हातानं टॉमी घातली, आणि ह्यानं देखा नही म्हणून सांगितलं! दवाखान्यात मी त्याच्यावर आरडाओरडा केला. तो खांद्याला प्लॅस्टर घालून पडला होता. "राजू, नाव कोठे उनं नही ना मन्हं?" एवढंच विचारलं. नाही आलं, म्हटलं. मग तो झोपला.

नाव राहिलं स्वच्छ. खांदा नाही राहिला.

भरतीच्या मैदानी परीक्षेला मी त्याच्याबरोबर नंदुरबारला गेलो. धावण्यात तो सगळ्यांच्या पुढे आला, ओठ हलवत. कागदपत्रं पक्की, चारित्र्याचा दाखला कोरा करकरीत. मग गोळाफेक. गोळा त्यानं मानेशी धरला, अंग वळवलं, आणि हात खांद्याच्या वर उठलाच नाही. गोळा त्याच्याच बुटाजवळ पडला. तिन्ही वेळा तसंच झालं. मोजणाऱ्या हवालदारानं वर बघितलंसुद्धा नाही, पुढचं नाव पुकारलं. इलियासनं गोळा उचलून जागेवर ठेवला, हात झटकले आणि मला म्हणाला, "चल, भूक लागनी."

तो तेवढ्यावर थांबला असता तर इलियास कसला! पुढच्या भरतीपर्यंत डाव्या हातानं फेकायला शिकला. दुकानामागच्या बोळात रोज दगड फेकायचा, शेजारी शिव्या द्यायचे. डाव्या हातानंही अगदी थोडक्यात राहिला. मग वय निघून गेलं. लग्न झालं, बाप थकला, मशीन त्याच्याकडे आलं. मी माझं दुकान टाकलं. मधे मधे कळायचं की तो होमगार्डमध्ये गेलाय. सणवार, निवडणुका, मिरवणुका, बोलावतील तेव्हा बंदोबस्ताला उभं राहायचं. खाकीच असते ती, लांबून फरक कळत नाही. जवळून कळतो.

गेल्या उन्हाळ्यात मी नवापूरला माल पोचवून परत येत होतो. विसरवाडीच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. उतरून पुढे गेलो. एका ट्रकनं मोटारसायकलला उडवलं होतं. पोरगा होता विशीतला, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं आणि रस्त्यावर चप्पल आणि रक्त उरलं होतं. ट्रक लांबच्या मुलखातला. पाऊणशे माणसं ट्रकला घेरून ड्रायव्हरला खाली ओढायला निघाली होती. कोणी डिझेल आणा म्हणून ओरडत होतं.

आणि केबिनच्या दारात, पायरीवर, दोन्ही दांडे पकडून, दार भरून, खाकीतला एक बुटका रुंद माणूस उभा होता. उजवा हात डाव्यापेक्षा खाली धरलेला.

मी ओरडलो, "इलियास!"

त्यानं गर्दीत शोधलं. मी दिसलो. क्षणभर त्याचं तोंड असं फुललं की जणू आम्ही कँटीनमध्ये भेटलोय. मग त्यानं डावा हात दांड्यावरून सोडला, तोंडात बोट घातलं आणि दात लोकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे भिरकावला. "राजू, दात धर!"

मी धरला. आयुष्यात एवढा एकच झेल मी घेतला असेल.

पहिला दगड त्याच्या कपाळावर बसला. दुसऱ्यानं काठी पोटात घातली. आत ड्रायव्हर सीटखाली घुसून हात जोडून रडत होता. इलियासच्या गळ्यात ह्या वेळी शिट्टी होती, त्याची स्वतःची. त्यानं ती दातांच्या खिंडीत धरून जीव खाऊन वाजवली आणि वाजवून परत दोन्ही दांडे पकडले. आता तरी मारेल म्हणून मी बघत होतो. नाही मारलं त्यानं. मी घुसायचा प्रयत्न केला, कोपरानं माझा चष्मा फुटला, तरी मी पायरीपर्यंत पोचलो आणि त्याच्या पायाशी पाठ लावून उभा राहिलो. त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या घट्ट झाल्या होत्या. वर तो श्वास रोखून पुटपुटत होता, मला ऐकू येत होतं.

पोलिसांची गाडी आली. काठ्या उगारत शिपाई उतरले, गर्दी फाटली, आणि एक तरुण साहेब धावत थेट ट्रकपाशी आले. काठी वरच होती. त्यांनी इलियासचा रक्तानं भरलेला चेहरा पाहिला, खाकी पाहिली, काठी खाली आणली.

"काय झालं इथं?" साहेबांनी विचारलं.

इलियासनं सांगितलं. दात नसल्यानं शब्द निसटत होते, पण सगळं नीट, क्रमानं सांगितलं. ड्रायव्हरला गाडीत बसवून दिलं. मग पायरीवरच बसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "राजू," तो म्हणाला, "देखं का? पहिले ईचारं त्यानी."

मी फुटका चष्मा काढून शर्टाला पुसायला लागलो. माझ्या चेहऱ्याकडे बघून तोच हसला.

मी म्हटलं, चल, टाके घालून घेऊ. त्यानं रुमाल कपाळाला बांधला आणि विचारलं, त्या मोटारसायकलवाल्या पोराला कुठल्या दवाखान्यात नेलंय. कोणीतरी सांगितलं. तेवढ्यात रस्ता मोकळा होऊन मागची एस.टी. हलली. तो रस्त्याकडेच्या गाडीवरून केळ्यांची फणी घेऊन धावत चढला, दारातला दांडा डाव्या हातानं पकडून, उजव्या कुशीत केळी दाबून. बस वळणावर जाईपर्यंत दिसत होता. तो गेल्यावर मी खिशात हात घातला, तर दात माझ्याजवळच.

रात्री फोन केला. म्हटलं, पोचवतो उद्या. पलीकडे पिंजायचं मशीन चालू होतं, त्याच्यावरून ओरडून तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुन्हाजोडेच. मी नवा बसाडी लिसू. तो पोऱ्या वाचना, केळं खाधी त्यानी."